स्वायत्त सरकारी शाळांना जाब कोण विचारतो आणि कशाच्या आधारे?

आपण विचारले आहे की, सरकारी पैशावर चालणारी पण स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी शाळा नीट चालली आहे की नाही हे कोण ठरवते, आणि नीट चालली नसेल तर तिला जाब कोण विचारतो. माझ्या मते याचे उत्तर करारात आहे. अशा शाळेला स्वातंत्र्य मिळते ते ठरावीक मुदतीच्या लेखी करारामुळे. त्या कराराचे नूतनीकरण नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो आणि तो वापरण्याची ज्याची तयारी असते, तोच खरा जाब विचारणारा. परीक्षा, तपासण्या आणि अहवाल हे त्याच्या निर्णयासाठी लागणारे पुरावे होत.

अमेरिकेतील चार्टर शाळा हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. मिनेसोटा राज्याने 1991 मध्ये यासाठी पहिला कायदा केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल येथे पहिली शाळा सुरू झाली. शिक्षक निवडणे, वेळापत्रक आखणे, पैसा कशावर खर्च करायचा हे ठरवणे यांत शाळेला मोकळीक असते. त्या बदल्यात राज्याची शिक्षणसंस्था, एखादे विद्यापीठ किंवा स्थानिक शिक्षण मंडळ यांपैकी कोणाशी तरी तिला करार करावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये त्याची मुदत जास्तीत जास्त 5 वर्षे, तर ॲरिझोनात 15 वर्षे असते. मधून आढावा होत असला तरी 15 वर्षे मला फार वाटतात, कारण तोवर पहिलीतले मूल शाळा संपवून बाहेर पडलेले असते.

नूतनीकरणाच्या वेळी साधारणपणे मुलांचे शिकणे, पैशाचे व्यवहार आणि कायद्याचे पालन या तीन अंगांनी शाळा पाहिली जाते. शिकण्याचा अंदाज घेण्यासाठी तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन आणि गणित या विषयांची राज्य परीक्षा दरवर्षी होते आणि तिच्यातून चार्टर शाळेलाही सुटका नसते. परंतु नुसते गुण पाहिले तर सुशिक्षित घरांतील मुले घेणारी शाळा नेहमीच चांगली ठरेल. म्हणून मूल आले तेव्हा कुठे होते आणि वर्षभरात किती पुढे गेले, ही वाढ मोजणे अधिक न्याय्य असते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रेडो या संशोधन केंद्राने चार्टर शाळेतील मुलाची तुलना तशीच पार्श्वभूमी आणि तेवढेच आरंभीचे गुण असलेल्या इतर सरकारी शाळांतील मुलांशी केली. 2009 च्या अहवालात गणितात 17 टक्के चार्टर शाळा सरस ठरल्या, 37 टक्के मागे पडल्या आणि उरलेल्यांत फरक दिसला नाही. 2023 च्या अहवालात मात्र चार्टरमधील मुले सरासरीने वर्षाला वाचनात 16 दिवसांच्या आणि गणितात 6 दिवसांच्या शिकण्याइतकी पुढे होती. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की स्वायत्तता मिळाली म्हणून शाळा आपोआप चांगली होत नाही.

या मोजमापात एक मोठी फट राहते, आणि मला ती सर्वांत गंभीर वाटते. जे मूल शाळा सोडून गेले, त्याचे गुण शाळेच्या खात्यात येत नाहीत. त्यामुळे अभ्यासात मागे असलेल्या किंवा वर्गात त्रास देणाऱ्या मुलाला बाहेर काढण्याचा मोह शाळेला होऊ शकतो. 2005 च्या कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्समधील बहुतेक सरकारी शाळा चार्टर झाल्या, तेव्हा हीच तक्रार पुढे आली. 2012 मध्ये तेथे प्रवेशासाठी सामाईक अर्ज सुरू झाला आणि मुलाला काढून टाकण्याच्या प्रकरणांची सुनावणी प्रत्येक शाळेकडून काढून एका मध्यवर्ती यंत्रणेकडे देण्यात आली. स्वायत्ततेला कुठे मर्यादा हवी, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पैशाच्या बाबतीत ओहायोतील इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो या ऑनलाइन शाळेचे प्रकरण वाचावे. अनुदान पटसंख्येवर मिळत होते, पण त्या पटावरील मुले प्रत्यक्ष शिकत असल्याचा पुरेसा पुरावा राज्याला सापडला नाही. सुमारे 8 कोटी डॉलर परत करण्याचे आदेश निघाले आणि जानेवारी 2018 मध्ये, वर्षाच्या मध्यावर, शाळा बंद पडून सुमारे 12,000 मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली. शाळा बंद करणे हे उत्तरदायित्वाचे टोक असले तरी त्याची झळ आधी मुलांना बसते, म्हणून त्यांना कुठे सामावून घ्यायचे हेही करारातच लिहिलेले असले पाहिजे.

इंग्लंडमधील अकॅडमी या अशाच स्वायत्त सरकारी शाळांचा करार थेट शिक्षणमंत्र्यांशी असतो आणि तपासणी ऑफस्टेड ही तेथील सरकारी तपासणी संस्था करते. 'उत्कृष्ट' ठरलेल्या शाळांना 2012 ते 2020 या काळात नियमित तपासणीतून सूट होती. सूट उठल्यानंतर 2021-22 मध्ये अशा ज्या शाळांची पूर्ण तपासणी झाली, त्यांपैकी 83 टक्के शाळांना तो दर्जा टिकवता आला नाही. शाळेचा सारा निकाल एका शब्दात देण्याची पद्धतही तेथे सप्टेंबर 2024 मध्ये बंद झाली.

आता आपल्याकडचे पाहू. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे, म्हणजे जबाबदारीचा भार पालकावर होता. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तो शासनावर आणला आणि सरकारी व अनुदानित शाळांसाठी व्यवस्थापन समिती आणली, जिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. बडोद्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेच्या अशा समितीवर मी पालक म्हणून काम केले आहे. अनुदानाचा खर्च, मध्याह्न भोजन, स्वच्छतागृहांची दुरुस्ती यांवर आम्ही मनापासून लक्ष देत होतो. परंतु शिक्षकांची नेमणूक आणि बदली वरून होते, अभ्यासक्रम वरून येतो, आणि 2009 पासून गुजरातमध्ये होणाऱ्या गुणोत्सवात, म्हणजे शाळांच्या सरकारी मूल्यमापनात, श्रेणी मात्र शाळेला मिळते. ज्या गोष्टी ठरवण्याचा अधिकारच शाळेला नाही, त्यांच्यासाठी तिला दोषी धरणे मला अन्यायाचे वाटते.

तरीही एक कागद आपल्या हाती आहे. कायद्याच्या कलम 22 नुसार सरकारी शाळेच्या समितीला शाळा विकास आराखडा करावा लागतो, आणि केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे तो 3 वर्षांचा असतो. तो बहुधा खोल्या, बाके आणि शिक्षकसंख्या यांपाशी थांबतो. त्यात तिसरीतल्या किती मुलांना मराठी उतारा वाचता यावा, वर्षात किती मुले दाखला घेऊन गेली आणि का, हेही लिहिता येते. आपल्या मुलाच्या शाळेत हा आराखडा मागून पाहा, आणि त्यातील मागण्यांवर महापालिका किंवा पंचायत लेखी उत्तर देते का, हेही समितीच्या सभेत विचारा.