कनेक्टिकट विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघातली आजवरची सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण?

नुसती विजेतेपदं मोजायची तर ब्रिआना स्टुअर्ट, विषय संपला. २०१३ ते २०१६ अमेरिकी विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेची सलग चार विजेतेपदं, आणि चारही वेळा फायनल फोरची, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या फेरीची, सर्वोत्तम खेळाडू तीच! पण माझं मत डायना टॉरासीला. २००२ च्या अजिंक्य संघातल्या सुरुवातीला मैदानात उतरणाऱ्या पाचांपैकी सू बर्डसह चौघी एकदम पदवी घेऊन बाहेर पडल्या. उरली एकटी टॉरासी. तरी पुढच्या मोसमात ३७ विजय, हार एकच, आणि टेनेसी विद्यापीठाविरुद्धच्या अंतिम सामन्यात तिचे २८ गुण. स्टुअर्टच्या जोडीला कायम तगडी फौज होती, हे विसरू नका. विद्यापीठाच्या कारकिर्दीत ३,०३६ गुण करणाऱ्या माया मूरला तिसरं ठेवणं मात्र जिवावर येतं.