किनाऱ्यावर किती वाजता जावं?

प्रश्न : निवृत्तीनंतरचा पहिला उन्हाळा. नातवंडं, जुने मित्र, सगळ्यांना समुद्रावर जायचंय. माझे गुडघे दुखतात. वेळ कोणती निवडू?

उत्तर : आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. निवृत्त झाल्यापासून मी तेच करतो. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून कालची वेळ आज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, चालायला तीच सोपी. कोरड्या वाळूत पाय रुततो. माझी नात तिथेच उकिडवी बसून खेकड्यांची बिळं शोधते. बोटभर भोक आणि भोवती वाळूच्या इवल्या गोळ्या! अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जास्त वर चढतं, तेव्हा चटया-पिशव्या बऱ्याच मागे ठेवा. भर दुपारी मात्र नकोच.