सोबतीच्या बदल्यात खोली: कोथरूडमधल्या एका घराचा अनुभव

"आई एकटी राहते आणि घरात एक खोली रिकामी आहे. एखाद्या शिकणाऱ्या मुलीला भाडे न घेता ठेवले आणि तिने सोबत व थोडी मदत केली, तर दोघींचीही सोय होईल. पण परक्या मुलीवर विश्वास कसा ठेवायचा, आणि उद्या तिने घरावर हक्क सांगितला तर?" हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्याकडे सतत येत आहे. विचारणारी मुले बहुधा परदेशात किंवा दूरच्या शहरात असतात आणि त्यांच्या मनात चोरीची व घर बळकावले जाण्याची भीती असते. ती भीती मी खोटी मानत नाही. मात्र अशा सोयी मोडताना मी पाहिल्या आहेत त्या वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण एका घराच्या हकिगतीतून अधिक नीट सांगता येईल. दोघींच्या संमतीने मी ती लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावे दिलेली नाहीत.

काकूंचे वय 76, कोथरूडमध्ये दोन शयनगृहांचा फ्लॅट, यजमान जाऊन तीन वर्षे झालेली, एकुलता मुलगा जर्मनीत. एका रात्री त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि सकाळी धुणे-भांडी करणाऱ्या मावशी येईपर्यंत तिथेच पडून राहिल्या. हाड मोडले नव्हते, परंतु त्या रात्रीनंतर काकूंनी आतून कडी लावणे सोडून दिले. मुलाने आईला जर्मनीला नेण्याचा विषय काढला, काकूंनी तो ऐकूनही घेतला नाही. तेव्हा त्याला तिथली एक पद्धत आठवली. जर्मनीत 1990 च्या दशकापासून अनेक विद्यापीठांच्या शहरांत 'मदतीच्या बदल्यात घर' अशा अर्थाच्या नावाचे उपक्रम चालतात, आणि विद्यार्थी म्हणून गेला असताना त्याचा एक मित्र एका वृद्ध गृहस्थांच्या घरी असाच राहिला होता.

ओळखीतून एक मुलगी मिळाली. बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, वय 22, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात, जोडीने स्पर्धा परीक्षेची तयारी. ती एका खोलीत चौघींबरोबर कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका खाटेचे भाडे देऊन, राहत होती आणि मेसचे पैसे भरताना घरून येणारी रक्कम संपत होती. काकूंनी तिला पाहिले, तिचे बोलणे त्यांना आवडले, आणि त्या म्हणाल्या, "भाडंबिडं काही नको. घरच्यासारखी राहा." सगळा करार या एका वाक्यात झाला.

चार महिन्यांनी मुलाचा मला फोन आला. आईच्या बँक खात्याचे संदेश त्याच्याही मोबाइलवर येत असत आणि एटीएममधून 4,000 रुपये काढल्याचा एक संदेश त्याने पाहिला होता. आईला विचारल्यावर तिने, "मी कुठे बाहेर पडते?" असे उत्तर दिले. त्याचा संशय सरळ मुलीवर गेला. प्रत्यक्षात काकूंनीच स्वतःचे कार्ड आणि पिन देऊन तिला दिवाळीच्या खर्चासाठी पैसे काढायला पाठवले होते आणि नंतर ते त्या विसरल्या होत्या. हिशोबाच्या वहीत त्यांच्याच अक्षरात नोंद सापडली आणि त्यांना फार वाईट वाटले. पण आपल्यावर संशय घेतला गेला हे मुलीला कळून चुकले होते. मी तिला भेटायला बोलावले.

ती आली आणि बराच वेळ पैशांविषयी काहीच बोलली नाही. शेवटी म्हणाली, "मॅडम, मला आजींचा राग येत नाही. पण माझं काम कधी संपतं तेच मला कळत नाही." तिच्याकडून जे हळूहळू कळले ते असे. पहिल्या महिन्यात भाजी आणि औषधे आणणे, संध्याकाळी काकूंना सोसायटीच्या आवारात फिरवून आणणे, एवढेच काम होते. दुसऱ्या महिन्यात एकदा पोळ्या करणाऱ्या मावशी आल्या नाहीत म्हणून तिने पोळ्या लाटल्या, काकूंना त्या आवडल्या, आणि तिसऱ्या महिन्यात मावशींना येऊ नका असे सांगण्यात आले. तिला कोणी विचारले नव्हते. अभ्यासिकेत ती संध्याकाळी सात ते साडेनऊ बसत असे. त्या वेळेत आता स्वयंपाक आला. आईला तिने फोनवर सांगितले, तर आईने, "फुकट राहतेस, माणसं चांगली आहेत, तक्रार करू नकोस," असे समजावले. म्हणून ती न बोलता काम उरकून ताट आपल्या खोलीत नेऊ लागली आणि दार लावून घेऊ लागली.

काकूंची तक्रार मी त्यांच्या घरी जाऊन ऐकली, आणि ती त्याच बंद दाराची होती. मुलगी बोलत नाही, जेवायला समोर बसत नाही, उशीर होणार असला तर सांगत नाही. अकरा वाजेपर्यंत गॅलरीत उभे राहून वाट पाहावी लागते. मी त्यांना विचारले की पोळ्यांच्या मावशी खर्चामुळे बंद केल्या का. तसे नव्हते. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, ती ओट्याशी असली म्हणजे माझ्याशी चार शब्द बोलेल." या एका उत्तराने मला त्या घराचा सगळा पेच कळला. काकूंना हवी होती सोबत, पण 'माझ्याजवळ बसशील का' असे 22 वर्षांच्या मुलीपुढे म्हणणे त्यांना जड जात होते. काम मात्र सहज सांगता येत होते. जितका एकटेपणा वाढे, तितके काम वाढे, आणि जितके काम वाढे तितकी मुलगी लांब जाई.

मी तास मोजण्याविषयी बोलले तेव्हा काकू दुखावल्या. त्यांचे सासरे पुण्यात वार लावून जेवून शिकले होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. "त्या वेळी कुणी तास मोजले नाहीत," असे त्या म्हणाल्या. त्या प्रथेने असंख्य गरीब मुले शिकली, आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु वारावर जेवणाऱ्या मुलाला उपकाराचे ओझे जन्मभर आठवत असे, आणि तो बहुधा यजमानांच्याच जातीतला असल्यामुळे त्या घराचे रीतिरिवाज त्याला न सांगता कळत. या घरात तसे नव्हते. मुलीला अंडी खायची सवय होती, काकूंच्या स्वयंपाकघरात ती चालत नव्हती, आणि मासिक पाळीच्या दिवसांत देवघराकडे जायचे की नाही हेही ती चार महिने अंदाजाने ठरवत होती. असे विषय कितीही अवघड वाटले तरी मुलगी राहायला येण्यापूर्वीच मोकळेपणाने बोलले गेले पाहिजेत. अंडे नको असेल तर ते सांगता येते आणि पाळताही येते. समोरच्याला अंदाजावर ठेवणे अपमानाचे होते.

मग आम्ही तिघी हॉलमध्ये बसलो आणि मुलगा व्हिडिओ कॉलवर होता. एका आठवड्याच्या कामाचे तास मुलीने लिहून आणले होते; ते 17 भरले, म्हणजे महिन्याला सत्तरच्या आसपास. जर्मनीतला नियम मुलानेच सांगितला: खोलीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे महिन्याला एक तास मदत, वीज-पाण्याचा वाटा विद्यार्थ्याने वेगळा द्यायचा, आणि शुश्रूषेचे काम त्यात धरायचे नाही. मुलीची खोली दहा फूट बाय अकरा फूट, म्हणजे साधारण दहा चौरस मीटर. त्या हिशोबाने महिन्याचे दहाच तास होतात, हे ऐकून काकू गप्प झाल्या. ब्रिटनमध्ये अशा व्यवस्थेत आठवड्याला दहा तासांच्या आसपास मदत धरतात हेही मी सांगितले. यातला कोणताही नियम जसाच्या तसा उचलायचा नव्हता, कारण इथे मुलीचे जेवण आणि वीजही काकूंकडेच होती. आठवड्याला सहा तास आणि रात्री दहानंतर घरी असणे, यावर दोघी राजी झाल्या. परीक्षेच्या महिन्यात तीनच तास, आणि गावी जायचे असेल तर चार दिवस आधी सांगणे. पोळ्यांच्या मावशींना परत बोलावले गेले. गुरुवारी आणि रविवारी रात्रीचे जेवण एकत्र, मोबाइल बाजूला ठेवून. ते मात्र तासांत धरायचे नाही, असे मुलीनेच सुचवले.

दोन गोष्टी मी आग्रहाने कागदावर घेतल्या. पहिली, शुश्रूषेची मर्यादा. गोळ्यांची आठवण करणे, डॉक्टरांकडे सोबत जाणे आणि रात्री हाक मारल्यास उठणे हे तिचे काम. अंघोळ घालणे, इंजेक्शन देणे, अंथरुणाला खिळल्यावर सगळे करणे हे तिचे काम नाही. पुढे काकूंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा सहा आठवडे रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोतून प्रशिक्षित बाई ठेवली होती, आणि त्याविषयी वाद झाला नाही. दुसरी, पैसा. कार्ड आणि पिन मुलीच्या हाती द्यायचे नाहीत. सामानाचे पैसे वेगळ्या पाकिटात, आणि वहीत दोघींच्या सह्या. हा नियम काकूंच्या पैशांसाठी आहे असे मुलाला वाटले. तो मुलीच्या अब्रूसाठी त्याहून अधिक आहे. "तुझ्या लग्नात पाटल्या करीन," असे काकू प्रेमाने म्हणत, तेही मी थांबवायला सांगितले, कारण अशा शब्दांनी अपेक्षा तयार होतात आणि ज्याने ते उच्चारले त्याला ते मागेही घेता येत नाहीत.

घराच्या हक्काविषयी मी त्यांना वकिलांकडे पाठवले, तरी एवढे सांगते. मालकाच्या परवानगीने एखाद्या घरी राहिल्याने मालकी मिळत नाही. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागेत हक्क न देता ठरावीक काळ राहू देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, नोंदणीची जबाबदारी जागामालकावर असते, आणि असा करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे ज्यांना घराची काळजी वाटते त्यांनीच कागद टाळणे हे त्यांच्याच विरुद्ध जाते. या घरात अकरा महिन्यांचा करार नोंदवला, पोलिसांकडे माहिती दिली आणि सोसायटीलाही कळवले. मुलीच्या आई-वडिलांना काकूंनी एकदा जेवायला बोलावले, आणि मला विचाराल तर विश्वासाची खरी सुरुवात तिथे झाली. आपली मुलगी कोणाच्या घरी राहते हे पाहण्याचा हक्क त्यांनाही आहे, हे आपण सहसा विसरतो.

प्रत्येक घराला ही सोय सुचवावी असे मला वाटत नाही. ज्यांची स्मृती ढासळू लागली आहे, ज्यांना रात्री उचलून बसवावे लागते, किंवा ज्यांना घरात दुसऱ्याचा आवाज सहन होत नाही, त्यांच्यासाठी विद्यार्थी ठेवणे दोन्ही बाजूंना अन्यायाचे आहे. अशा कुटुंबांनी पगारी मदतनीस पाहावा. ज्येष्ठांसाठीच्या 14567 या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही माहिती आणि मार्गदर्शन मिळते. जिथे ही सोय जुळण्यासारखी आहे, तिथे आधी एक महिना आजमावून पाहावे आणि दोघींनाही वेगवेगळे बोलता येईल असे तिसरे माणूस ठेवावे. ते माणूस मुलगा किंवा सून नसावे, कारण घरातल्या माणसापुढे मुलगी खरे बोलत नाही.

एम.एस्सी. पूर्ण करून ती मुलगी गेल्या उन्हाळ्यात गावी परतली. नवी मुलगी येण्यापूर्वी काकूंनी मला जुना कागद घेऊन बोलावले आणि त्यात काय बदलायचे ते विचारले. तासांची ओळ त्यांनी तशीच ठेवली. खाली मात्र स्वतःच्या अक्षरात एक ओळ आधीच लिहून ठेवली होती: "उशीर होणार असेल तर फोन करावा, मी जागी असते."