सर्चलाइट चार्ज होत नाही? आधी हे बघा

नवीन बॅटरी मागवायची घाई करू नका. अनेकदा दोष चार्जर, पिन किंवा बॅटरीला टेकणाऱ्या स्प्रिंगमध्ये सापडतो.

आधी मल्टिमीटरने (व्होल्ट मोजायच्या मीटरने) चार्जरचं आउटपुट मोजा. मग बॅटरीची टोकं कोरड्या कापडाने पुसा. हिरवट-पांढरा थर असेल तर तो खरवडून काढा. चार्जर लावताच हिरवा दिवा लागला, तर बॅटरी भरली असं समजू नका. बऱ्याचदा बॅटरीपर्यंत जोडणीच पोचलेली नसते.

आता बॅटरीचा प्रकार बघा, कारण खरी चूक इथेच होते. ६ व्होल्टची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी रिकामी ठेवली की तिच्या प्लेटांवर सल्फेट (शिशाचा क्षार) साचतं आणि ती चार्ज घेईनाशी होते. म्हणून वापर झाला की लगेच चार्ज करा; सर्चलाइट पडून असेल तरी दर दोन-तीन महिन्यांनी.

नेहमीचा लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावर साधारण ४.२ व्होल्ट दाखवतो. २.५ च्या खाली गेलेला किंवा फुगलेला सेल पुन्हा चार्ज करायचा नाही, अजिबात नाही. आणि पिन बसते म्हणून दुसराच चार्जर लावू नका. त्याने आग लागू शकते.

मीटरवर काय आकडे आले ते कळवा, पुढचं मग बघू.