कुंपणाला कण्हेर आणि घाणेरी लावू का?

प्रश्न : शेतघराभोवती फुलांचं कुंपण करायचं आहे. नर्सरीवाले कण्हेर आणि रंगीत घाणेरी सुचवतात. पाणी कमी लागतं, जनावर तोंड लावत नाही, असं म्हणतात. घरी दोन गाई, चार शेळ्या आहेत. लावू का?

उत्तर : नर्सरीवाल्यांचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धंच आहे. कण्हेरीचा हिरवा पाला कडू, म्हणून जनावर तो सहसा टाळतं. घोळ होतो छाटणीनंतर. पाला वाळला की कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसंच राहतं. छाटलेल्या फांद्या बांधावर पडल्या किंवा गवताच्या भाऱ्यातून कुट्टीत गेल्या, की गाय पान निवडत बसत नाही. हे विष हृदयावर जातं आणि मूठभर पालाही जीव घेऊ शकतो. लाळ गळणं, पोटदुखी, हगवण, ठोके चुकणं दिसलं तर जनावराला चालवत दवाखान्यात नेऊ नका. 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करून डॉक्टरांना गोठ्यात बोलवा. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तितकीच विषारी. आपण लहानपणी तिच्या बियांनी खेळलो, पण आता मुलांच्या हाती त्या देऊ नका.

घाणेरी (टणटणी) मुळात अमेरिकेतली. इंग्रजांच्या काळात शोभेसाठी आली आणि डोंगर, गायरानं व्यापून बसली. बुलबुल, साळुंक्या फळं खातात आणि बी शेजाऱ्याच्या बांधावर टाकतात. उन्हाळ्यात चारा संपला की उपाशी जनावर तिलाही तोंड लावतं. मग यकृत बिघडतं, कावीळ होते, पांढऱ्या कातडीचा भाग उन्हात भाजून निघतो. अशा जनावराला आधी सावलीत बांधा. पोट मंदावल्यामुळे खाल्लेला पाला आतच पडून विष उतरत राहतं, त्यामुळे डॉक्टरांना बोलावणं उद्यावर ढकलू नका.

म्हणून घाणेरी नकोच. बांधावर असेल तर नुसती कापू नका, बुडातून पुन्हा फुटते. फळं धरायच्या आत बुंधा जमिनीखाली दोन-तीन इंचांवर कुदळीने तोडा आणि मुळं वर करून वाळू द्या. मोकळ्या जागी लगेच गवत लावा, नाहीतर पडलेलं बी पहिल्या पावसात उगवतं.

कुंपणाला बाहेरून करवंद, आतून अडुळसा किंवा निर्गुडी लावा. फुलंच हवी असतील तर जास्वंद, पण शेळ्यांच्या टप्प्याबाहेर. देवाला फुलं हवीत म्हणून कण्हेर ठेवायचीच असेल तर गोठ्यापासून लांब, एखादंच झाड ठेवा. छाटणी झाली की पाला त्याच दिवशी खड्ड्यात पुरा. फांद्या चुलीत घालू नका, धूरही बाधतो.