‘टू’च्या आधीचा भूतकाळ

तुमच्या सरावाच्या वहीत ‘ही वॉन्टेड टू सोल्ड द सोयाबीन इन लातूर’ असे वाक्य दिसले. घटना कालची असल्याने दोन्ही क्रियापदे भूतकाळात घालावीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इंग्रजीत काळाचा भार पहिले क्रियापद एकटेच उचलते आणि ‘टू’नंतरचे क्रियापद मूळ रूपातच राहते, म्हणून येथे ‘वॉन्टेड टू सेल’ असेच लिहावे. आपणही ‘त्याला सोयाबीन विकायचे होते’ असे म्हणतो, तेव्हा काळ केवळ ‘होते’मध्ये असतो, मराठीत तो शेवटी येतो, इंग्रजीत आधी, एवढाच फरक. नकारार्थी वाक्यात हा भार ‘डिड’कडे जातो आणि ‘वॉन्टेड’चेही ‘वॉन्ट’ होते: ‘ही डिड नॉट वॉन्ट टू सेल’.

‘स्टॉप्ड’कडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण तेथे पुढचे रूप बदलताच अर्थ पालटतो. ‘वी स्टॉप्ड टू ड्रिंक टी इन परभणी’ म्हणजे आम्ही चहा पिण्यासाठी परभणीत थांबलो, तर ‘वी स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ म्हणजे आम्ही चहा पिणेच सोडले. ‘रिमेंबर्ड’ आणि ‘फरगॉट’ यांच्याबाबतही असाच भेद संभवतो, म्हणून ही क्रियापदे मी सुटी शिकवत नाही. ‘मेड’ आणि ‘लेट’ यांच्यापुढे ‘टू’ गळतो: ‘द कंडक्टर मेड अस वेट’. जुनी सवय सांगताना ‘यूज्ड टू’ वापरावे: ‘माय ग्रँडफादर यूज्ड टू ग्रो ज्वारी’.

नियम पाठ करत बसण्याऐवजी रोज रात्री ‘ट्राइड टू’ आणि ‘डिसायडेड टू’ वापरून दिवसभराच्या कामांवर स्वतःची वाक्ये लिहावीत.