महिला व बालविकास मंत्र्यांच्या हातात नेमकं काय असतं?

तुम्ही विचारलंय की हे खातं नुसतं शोभेचं आहे का. मी याच खात्यात मुख्यसेविका म्हणून बावीस वर्षं काढली, पंचवीस अंगणवाड्या माझ्याकडे होत्या. तेव्हा खालून जे दिसलं ते सांगते.

शोभेचं मुळीच नाही. अंगणवाड्या, पोषण आहार, बालगृहं, निरीक्षणगृहं, माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), २०२४ पासून लाडकी बहीण, हे सगळं याच खात्याकडे. पण बाईचं जिथे अडतं ते दार बहुतेक वेळा दुसऱ्याच खात्याचं असतं. मारहाणीची तक्रार घेणारं पोलीस ठाणं गृहखात्याचं, सातबाऱ्यावर नाव लावणारा तलाठी महसूलचा, बाळंतपण आरोग्य खात्याचं. या कुणालाही महिला व बालविकास मंत्री थेट हुकूम देऊ शकत नाहीत. त्यामुळे माझ्या मते त्यांचं खरं काम इतर खात्यांना कामाला लावण्याचं. आईच्या नावाचंच बघा. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असा निर्णय मंत्रिमंडळात झाला. प्रस्ताव या खात्याचा, पण नोंदी जन्मदाखल्यात, शाळेत, महसुलात व्हायच्या.

मुख्यमंत्री पाठीशी असतील तर किती घडू शकतं, ते १९९४ साली दिसलं. शरद पवार मुख्यमंत्री होते, राज्याचं पहिलं महिला धोरण आलं. त्याच वर्षी वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क देणारा कायदाही झाला. देशाला त्यासाठी २००५ उजाडावं लागलं. मात्र आपल्या कायद्यात २२ जून १९९४ आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. माझं लग्न १९९१ चं, धाकट्या बहिणीचं १९९६ चं. एकाच बापाच्या दोघी लेकी, आणि अकरा वर्षं हक्क तिला होता, मला नव्हता. कायद्यातली एक ओळ घरात काय करते हे तेव्हापासून मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आता महिला व बालविकास मंत्र्यांच्या स्वतःच्याच खात्यातली गोष्ट. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात संरक्षण अधिकारी असतो. बाईचा घटना अहवाल तो तयार करतो, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतो, कोर्टाच्या आदेशाची अंमलबजावणी करायलाही तोच मदत करतो. आमच्या तालुक्यात हे पद दोन वर्षं रिकामं होतं, शेजारच्या तालुक्याचे साहेब फक्त मंगळवारी यायचे. एका गुरुवारी एक बाई दोन लेकरं घेऊन अंगणवाडीत आली. कपाळाला टाके होते. मी पोलिसांना फोन केला, "घरगुती मामला आहे, साहेबांकडे पाठवा" असं उत्तर आलं. माहेर लांब, आणि जवळ पैसे नाहीत. संध्याकाळी ती त्याच घरी परत गेली. मंगळवारी मी साहेबांना घेऊन तिच्या दारात गेले तर तिने बोलायलाच नकार दिला.

लाडकी बहीणचे दीड हजार मी कमी लेखत नाही. त्या दिवशी तिच्या पदरात तेवढे असते तर तिने माहेरची एसटी धरली असती. पण मंत्र्यांचं काम जोखायचं तर एवढंच विचारा: तुमच्या जिल्ह्यात संरक्षण अधिकाऱ्यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि अतिरिक्त कार्यभारावर किती? माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत हे मिळतं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या. मसुदा लागला तर कळवा, मी लिहून देईन.